पेंडालामागची गाडी

"ए बाई, ऊठ. ही खुर्ची पाहुण्यांची आहे."

माझ्या मायला आरोग्य केंद्राच्या साहेबानं असं उठवलं. साऱ्या गावासमोर. त्या दिवशी सत्कार तिचाच होता. पत्रिकेत नाव छापलेलं होतं. मी ते दाखवलं, तर म्हणाला, "नाव पुकारल्यावर येऊ दे. तोवर खाली बसव. तुम्हाला सवय आहे खाली बसायची."

तुम्हाला म्हणजे आम्हा गोंडांना.

माय उठली. नवं लुगडं आवरून सतरंजीवर बसली. मी गावची आशा सेविका. गरोदर बायांची नोंद ठेवते. पण हे काम आमच्या घरात मायपासून आलेलं. रस्ता नव्हता, दवाखाना नव्हता, तेव्हा जंगलाकडच्या पाच-सहा गावांतल्या बाया तिनंच बाळंतपणातून मोकळ्या केल्या. सत्कार त्याचाच होता. मी तिची पोरगी आहे हे सांगताना माझी छाती फुगते.

कार्यक्रम होता कमानीच्या उद्घाटनाचा. तलावाच्या पाळीवर मोठी कमान, रंगीत लाइट, फोटो काढायला जागा. आणि आमच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर आठवड्यातून दोनदा. बीपीची गोळी कधीची संपलेली.

भाषण सुरू होतं अन् फोन आला. शेवंताची सासू. शेवंता पहिलटकरीण, दिवस भरलेले.

"रगत जाऊन रायलं वो ताई. गाडी पाठवा."

गाडी होती. केंद्राची रुग्णवाहिका पेंडालामागंच उभी होती, ड्रायव्हरसकट. मी त्याच साहेबाकडे धावले.

"पाहुणे निघेपर्यंत गाडी हलणार नाही. ताफ्यात लागते ती."

"साहेब, बाई मरंल."

"तुमच्या बाया जंगलात होत नव्हत्या काय बाळंत?"

तो हसला. बाजूचे दोघं हसले. मी मान खाली घातली. तशी मान खाली घालण्याची लाज मला अजून वाटते.

माय मागं येऊन उभी होती. तिनं सारं ऐकलं होतं. तिकडे माइकवर तिचं नाव पुकारत होते.

"माय, तुले बोलावून रायले."

"मले कायले पाहिजे ते? चाल. पोरीले पाहू पयले."

शेवंताच्या घरी गेलो, तिला एका ऑटोत घालून दवाखान्याकडे निघालो. नाल्याच्या अलीकडे, खड्ड्यांच्या रस्त्यात, मायनं तिला मोकळं केलं. शेवंता वाचली. लेक रडलीच नाही. मायनं पाठ चोळली, तोंडात फुंकलं, पुन्हा चोळली. मग तिला पदरात गुंडाळून बसून राहिली.

"गाडी भेटली असती तं..." एवढंच म्हणाली.

तिसऱ्या दिवशी साहेबानं मला केंद्रात बोलावलं. पुढ्यात कागद सरकवला. 'कुटुंबाने उशिरा कळवले. वाहन उपलब्ध होते.'

"सही कर. नाहीतर घरी बस. तुझ्यासारख्या दहा मिळतात."

मी पेन घेतला. कागद उलटा केला अन् मागं लिहिलं. फोन कधी आला. गाडी कुठं उभी होती. कोण काय बोललं. खाली माझं पूर्ण नाव.

"कागद खराब केलास तू!"

"नाई साहेब. समोरून खराब होता."

मोबाइलवर त्या कागदाचा फोटो काढला. ग्रामसभेत उभी राहून तो मजकूर वाचला. मायनं मान वर करून ऐकलं. आता मला नोटीस आली आहे. साहेब जागेवरच आहे. काम जाईल, मला माहीत आहे.

शेवंताच्या लेकीची नोंद त्यांनी 'मृत जन्म' अशी केली. कारणाचा रकाना रिकामा सोडला. मी रोज केंद्रात जाते. तो रकाना भरल्याशिवाय मी त्यांना सोडणार नाही.