दोन स्टील गिटार आणि एक सोयरीक

माझ्या दाजींइतकं जॅझ कळणारा माणूस दौंड आणि शिरूर या दोन तालुक्यांत दुसरा नाही, आणि त्या ज्ञानाचा दाजींसकट कुणालाही काडीचा उपयोग झालेला नव्हता. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. तरुणपणी कॉलनीतल्या एका म्हाताऱ्या ख्रिस्ती ड्रायव्हरने त्यांच्या मांडीवर स्टील गिटार आडवी ठेवली, तारांवर सरकवायची लोखंडी कांडी हातात दिली आणि वर जॅझचं सगळं शास्त्रही शिकवलं. गिटार बहुतेक वेळ पेटीत असायची. शास्त्र मात्र दाजी सगळीकडे घेऊन फिरत. फलाटावर डेमू गाडीचा भोंगा वाजला की शेजारच्या अनोळखी माणसाला विचारत, "दोन सूर हायेत त्यात. तिसरा कुठला लागंल, सांगा?" तो माणूस घाबरून डबा बदलायचा. वॉर्डातल्या जयंतीला ऑर्केस्ट्रा होता, तेव्हा तर भर गाण्यात स्टेजवर चढून दाजींनी की-बोर्डवाल्याचं बोट उचललं आणि शेजारच्या पट्टीवर ठेवलं. खाली उतरून म्हणाले, "चुकीचा सूर जाऊ द्यायचा म्हंजी लाल सिग्नलला गाडी सोडायची."

अशा माणसाच्या मुलीला सणसवाडीच्या कारखान्यात बरोबर काम करणारा शिरूरचा मुलगा आवडला. मुलगा चांगला, घर चांगलं. भानगड एवढीच, की मुलाचे वडीलही स्टील गिटार वाजवत. लग्नांच्या, वरातींच्या ऑर्केस्ट्रात त्यांची हयात गेलेली, आणि स्वरांची नावं विचारली की ते उठून जात. बैठकीला निघताना आक्काने दाजींना बजावलं, "गिटार घरी ठिवायची. आन् तोंडबी." दाजी मान डोलावून गाडीत बसले. शिरूरला डिकी उघडली, तर आत पेटी.

चहा होईपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग कुणीतरी हौशी पाहुणा म्हणाला, "दोन्ही व्याही कलावंत! होऊन जाऊ द्या." मुलाच्या वडिलांनी गिटार मांडीवर घेतली आणि असं वाजवलं, की आतल्या खोलीतल्या बायका दारात आल्या. वाजवणं संपलं. सगळे वा वा म्हणत असताना दाजींनी घसा खाकरला.

"पाव्हणं, मधी एक सूर घेतला तुम्ही. तो कुठल्या स्केलमधला?"

"माझ्या मनातला."

"मनाला स्केल नसतं."

"तुमच्या नसंल."

खोली गार पडली. मुलाच्या चुलत्याने टोपी डोक्यावर ठेवली, म्हणजे उठायची तयारी. दारातून भाची माझ्याकडे बघत होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मी काहीतरी पावसापाण्याचं बोलायला गेलो, पण मुलाच्या वडिलांनी हात वर केला. "तुमची पेटी बघितली मी. लई झालं बोलणं. वाजवा माझ्यासंगं."

मी डिकीतून पेटी आणून दिली, तरी दाजी ती उघडेनात. लोकांसमोर ते कधी वाजवतच नसत, हे त्या क्षणी माझ्या लक्षात आलं. दोघं सुरू झाले. थोडा वेळ बरं चाललं. मग दाजींची पाळी आली, कांडी घसरली आणि उतरायचं होतं त्याच्या जरा वरचा, उघडा-नागडा चुकीचा सूर खोलीभर वाजला. दाजींनी डोळे मिटले. कुणीतरी खुदकन हसलं.

मुलाचे वडील हसले नाहीत. त्यांनी तोच चुकीचा सूर मुद्दाम पुन्हा वाजवला, मग त्याच्या खालचा एक घेतला आणि मधोमध बरोबर जागी अलगद येऊन थांबले. जणू दोघांनी आधी ठरवूनच तसं केलं होतं.

दाजींनी डोळे उघडले. "हे... हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"कुणी न्हाई. हात जातो तिकडं."

"वरून एक, खालून एक, मग मधी उतरायचं. याला घेरा म्हणत्यात पाव्हणं. मोठमोठे जॅझवाले करत्यात."

मुलाच्या वडिलांनी हातातली कांडी खाली ठेवली. मग हळूच म्हणाले, "व्हय? नाव हाय याला? मला वाटायचं, मला एकट्यालाच सुचलंय." चुलत्याने टोपी काढली. आक्काने साखरपुड्याचा विषय काढला.

लग्न झालं, भाची शिरूरला नांदायला गेली, आणि दर रविवारी दाजी लेकीला भेटायच्या नावाखाली व्याह्यांकडे जाऊ लागले. दोघं भांडत आणि वाजवत. मागच्या वर्षापासून मात्र व्याह्यांना ऐकू कमी येऊ लागलं. कानाला मशीन लावलं, पण त्यात सूर फाटतात म्हणून त्यांनी ते काढून ठेवलं. परवा मी दाजींसोबत गेलो होतो. व्याही वाजवता वाजवता मध्येच थांबले, दाजींकडे वळून मोठ्यानं म्हणाले, "पाव्हणं, इथनं फुडं काय घेऊ?" दाजींनी पुढं होऊन त्यांचा हात धरला आणि कांडी नेमक्या जागी नेऊन ठेवली.

परतीच्या वाटेवर एसटीनं न्हावरं गाव मागं टाकलं. दाजी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "जन्मभर वाटायचं, कुणीतरी आपल्याला सूर इचारावा. पर त्यांनी इचारायला नको हुतं रे."