डिकीतली दीड वीत

चौऱ्याहत्तर सालच्या एप्रिलात माझ्या नवऱ्यानं एक लाल गाडी आणून दारात उभी केली आणि मला म्हणाला, "कुसुम, बस." मी बसले. मग विचारलं, "बाकीचे कुठं बसणार?" तर म्हणाला, "बाकीचे कोणीच नाही." गाडीला शिटाच दोन! वर कापडी टप, तोही निम्म्या वेळा अडकायचा. कामठीचे एक साहेब देश सोडून चालले होते, त्यांच्याकडून ती घेतलेली. गाडी इतकी बुटकी की आत बसलं की रस्त्यावरच्या बकऱ्या आपल्या डोळ्याला डोळा भिडवत.

नवरा डॉक्टर. धंतोलीत खाली आमचा वीस खाटांचा दवाखाना आणि वर घर. सासरे गेल्यापासून सगळा कारभार सासूबाईंच्या, म्हणजे माईंच्या हाती. नवऱ्याला सगळे भैयाजी म्हणत. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि आम्ही दोघं म्हणून कुठंच गेलो नव्हतो. एकदा रामटेकला गेलो, तर सोबत नऊ माणसं आणि एक पायपेटी. त्यामुळे दोन शिटांची ती गाडी पाहिल्यावर मी वरवर नाक मुरडलं, पण मनातून मला गुदगुल्या झाल्या. चिखलदऱ्याला आठ दिवस, फक्त आम्ही दोघं. तिसऱ्या माणसाला जागाच नाही, त्याला कोण काय करणार?

निघायच्या आदल्या दिवशी मी सामान खाली आणलं. दोन पत्र्याच्या पेट्या, एक होल्डॉल, स्टोव्ह, सुरई, चिवड्याचा डबा आणि भैयाजींचा कॅरम. मग डिकी उघडली. आत जादाचं चाक असं पसरलं होतं, जसं काही डिकी त्याच्याच नावावर आहे. एक पेटी आडवी घालून पाहिली, उभी घालून पाहिली, शेवटी गाडीला एक लाथ घालून पाहिली. भैयाजी व्हरांड्यातून म्हणाले, "तिचा काय गुन्हा? सिंधूताईंना बोलाव."

सिंधूताई आमच्या दवाखान्याची लिनन रूम सांभाळायच्या. चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे गाऊन, पडदे, सगळं त्यांच्या ताब्यात. खोली न्हाणीघराएवढी, आणि तीत तीनशे चादरी. दुसऱ्या कुणाला शंभरसुद्धा मावल्या नसत्या. त्यांचं माहेर रामटेकच्या बाजूचं, धान पिकवणारं. नवरा इथं गिरणीत होता, तो तापानं गेला तेव्हा पोरगी तीन वर्षांची. सिंधूताई आमच्याकडे आया म्हणून लागल्या. एका म्हाताऱ्या नर्सनं त्यांना बँडेज गुंडाळायला शिकवलं, आणि हात असा बसला की मग त्या जे दिसेल ते गुंडाळू लागल्या. घडी घालणं त्यांना मंजूरच नव्हतं. "घडी घातली की आत हवा राह्यते," त्या म्हणत. "हवा का भाडं देते आपल्याले?"

त्या हुडकेश्वरहून सायकलनं यायच्या. हुडकेश्वर तेव्हा नुसतं खेडं होतं. नऊवारीचा काष्टा घट्ट मारून, उन्हातान्हात, कॅरिअरला डबा बांधून त्या आठच्या ठोक्याला हजर. आसपास कुणाच्या मुलीची सासरी जायची पेटी भरायची असली, कुणाला काशीला जायचं असलं, की सिंधूताईंना बोलावणं. अर्ध्या धंतोलीचं सामान त्यांच्या हातून गावोगाव गेलं. त्या स्वतः मात्र सोळा वर्षांत कुठंच गेल्या नव्हत्या. एकदा चार दिवस आजारी पडल्या होत्या, तेव्हा बदलीच्या बाईनं चादरींचा असा घोळ घातला की माईंनी कपाळावर हात मारून घेतला. तेव्हापासून लिनन रूमची चावी सिंधूताईंच्या कमरेला आणि सिंधूताई त्या चावीला बांधलेल्या.

आता एक गोष्ट तुम्हाला आधीच सांगून टाकते, जी मला त्या दिवशी ठाऊक नव्हती. त्यांची लेक तारा परतवाड्याला दिली होती. चिखलदऱ्याचा घाट लागायच्या आधी ते गाव लागतं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण पोर घाई करून आठव्या महिन्यातच, सासरीच जन्मली. आईनं बाळंतविडा तयार करून ठेवलेला होता. स्वतःच्या जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी, झबली, टोपडी, कुंची आणि डिंकाचे लाडू. बारशाला नातवंडाच्या अंगावर आजोळचं कापड चढलं पाहिजे, नाहीतर लेकीला जन्मभर ऐकावं लागतं. बारसं दुसऱ्याच दिवशी होतं. आमची गाडी त्या वाटेनं जाणार हे सिंधूताईंना माहीत होतं. पण मागणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

त्या आल्या, डिकीकडे एकदा पाहिलं आणि वीत टाकून मापलं. "पाच विती लांब, तीन रुंद. चाकाच्या पोटात एक वीत." मग माझ्या पेट्या उघडल्या.

"वहिनीबाई, हे बारा पातळं कोणाची?"

"माझी. आठ दिवस आहेत ना."

"आठ दिवसाले बारा? चार घ्या."

"चार! मी काय जोगीण आहे?"

"तिथं कोण पाहून राहिलं तुमाले? भैयाजी? त्याईले तर तुमी काल कोणतं नेसल्या होत्या तेही सांगता नाही येणार."

हे खरं होतं, म्हणूनच मला फार राग आला. मी फणकाऱ्यानं चार पातळं काढून दिली आणि पाचवं, माझं आवडतं निळं, वर ठेवलं. त्यांनी ते बाजूला सारलं. स्टोव्ह बाजूला गेला. "तिथं चूल नाही का?" सुरई बाजूला गेली. "तिथं पाणी नाही का?" पेट्या तर त्यांनी पायानंच सरकवल्या. "पेटीचंच वजन नेता का बापा थंड हवेले?" मग जमिनीवर चटई टाकून गुंडाळायला बसल्या. पातळाच्या आत पोलकं, पोलक्याच्या आत रुमाल, आणि वर पट्टीची गाठ. मनगटाएवढी वळकटी झाली. माझी चार पातळं एका उशीच्या जागेत बसली. चाकाच्या पोटात साबण, पावडर, दाढीचं सामान आणि चिवड्याच्या पुड्या. कॅरम शिटांच्या मागं उभा सरकला. भैयाजींचे बूट त्यांनी मोज्यांनी ठासून भरले. माझे घाटात चालायचे बूट मात्र हातात घेऊन विचार करत राहिल्या.

"हे पायात घाला. आणि स्वेटर मांडीवर."

"नागपुरात? एप्रिलात?"

"मंग काय झालं? जे आपल्या पायानं जाऊ शकते, ते गाठोड्यात कोंबू नाही."

तासाभरात सगळं आत गेलं. डिकी मिटली आणि पुन्हा उघडून त्यांनी मला दाखवली. डाव्या कोपऱ्यात दीड वीत जागा उरली होती. मला हर्ष झाला. मी लगेच निळं पातळ उचललं.

"तिथं नको," सिंधूताई म्हणाल्या. "तिथं थोडी हवा खेळली पायजे."

"आत्ताच म्हणालात ना, हवा भाडं देत नाही?"

त्यांनी पातळ माझ्या हातातून घेतलं, "ठेवून देते," म्हणाल्या आणि होल्डॉल बाहेर ओढून त्याचे पट्टे पुन्हा आवळत बसल्या. मी मनात म्हटलं, म्हातारपणी बाईंचं डोकं फिरलं. बेचाळीस वर्षांच्या होत्या त्या. मी चोवीसची, मला सगळेच म्हातारे वाटत.

सकाळी सहाला निघायचं होतं. टप उघडला, भैयाजी स्टिअरिंगवर बसले, मी बूट चढवून, मांडीवर स्वेटर घेऊन बसले. तेवढ्यात माई जिना उतरून आल्या, हातात भला मोठा पितळी डबा. "खारवड्या आहेत आणि सरगुंडे. चिखलदऱ्याले काय खासान? तिथं अस्वलं राह्यतात नुसती."

भैयाजी म्हणाले, "माई, जागा नाही."

"नाही कशी? सिंधूनं भरली ना गाडी? मंग असनच."

सिंधूताई डिकीपाशी उभ्या होत्या. त्यांनी डबा घेतला, डाव्या कोपऱ्यात ठेवला, थोडा फिरवला. नीट बसला. जसा काही मापानंच घडवला होता. त्यांनी पदरानं त्याच्यावरची धूळसुद्धा पुसली आणि डिकी लावली. चेहऱ्यावर काही म्हणजे काही दिसलं नाही.

गाडी सुरू झाली आणि फाटकापाशी आमचे चौकीदार नत्थूजी आडवे आले. हातात हिरव्या पट्टीनं बांधलेलं गाठोडं. "अरे थांबा ना! सिंधूताई, हे तर सायकललेच राह्यलं. ताराच्या लेकराचं. गाडीत जाणार होतं ना?"

"चूप राहा ना गा, नत्थूजी," सिंधूताई म्हणाल्या.

नत्थूजी चूप राहणारा माणूस नव्हे. दोन मिनिटांत आम्हाला सगळं कळलं. परतवाडा, नात, आज संध्याकाळी बारसं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी गाडीतूनच ओरडले, "मला काहून नाही सांगितलं तुम्ही? तोंडाला कुलूप होतं का?"

"जागा उरली तर ठेवन म्हटलं होतं. नाही उरली. झालं." त्या हसल्या. "तुमची सुट्टी आहे, वहिनीबाई. तुमचं सामान पयलं."

"आणा ते इकडं." मी गाठोडं मांडीवर घेतलं. घट्ट, मऊ, लाडवांचा मंद वास येणारं. भैयाजींनी पुन्हा गाडी सुरू केली. प्रश्न सुटला होता. पण माझे हात त्या गाठोड्यावर होते आणि मला एकाएकी वाटलं, हे मी तिथं जाऊन कुणाच्या हातात देणार? त्या घरात मला कोण ओळखतं? आणि ही बाई इथं संध्याकाळी न्हाणीघराएवढ्या खोलीत बसून चादरी मोजणार.

"तुम्ही का नाही जात?"

"चावी माझ्यापाशी आहे ना."

गाडीत आता सुईलाही जागा नव्हती. मी पुढं पाहिलं, मागं पाहिलं. सगळ्यात जास्त जागा खाणारी वस्तू त्या गाडीत मीच होते. आणि पायात चालायचे बूट होते.

मी दार उघडून खाली उतरले. "बसा, सिंधूताई. मी एस.टी.नं येते."

"आवं माय! असं कुठं असते का?"

"तुमचाच नियम आहे. जे आपल्या पायानं जाऊ शकते, ते गाठोड्यात कोंबू नाही."

खोटं कशाला सांगू, सगळाच चांगुलपणा नव्हता तो, उतरताना जीवावर आलं होतं. चार वर्षं ज्या शिटेची वाट पाहिली, ती मी सोडत होते. सिंधूताई जागच्या हलेनात. त्या माईंकडे पाहत होत्या. माईंनी कमरेवरचे हात काढले आणि एक हात पुढं केला.

"दे वं चावी इकडं. चादरी मोजता मलेही येतात. आणि तीन दिवस येऊ नको. आलीस तर फाटकात घेणार नाही."

सिंधूताईंनी चावी सोडायला वेळ लावला. गाठ बरीच जुनी होती.

मग ती लाल बुटकी गाडी धंतोलीतून निघाली. स्टिअरिंगवर डॉक्टर, शेजारी काष्टा मारलेल्या सिंधूताई, डोक्यावर पदर घट्ट धरलेला आणि मांडीवर गाठोडं. दूधवाला सायकलवरून उतरून पाहत राहिला. समोरच्या इंदुताई गॅलरीतून मला विचारू लागल्या, "काहून वं, भांडण झालं का?" मी म्हटलं, "हो, पण मी जिंकले."

मी बूट घालून, उकाड्यात स्वेटर सांभाळत, एस.टी.नं परतवाड्याला पोचले तेव्हा तीन वाजले होते. भैयाजी स्टँडवर घ्यायला आले होते. ताराच्या घरी बायकांची गर्दी. मधे सिंधूताई, मांडीवर नात. आजोळच्या दुपट्यात तिला अशी गुंडाळली होती, की नाकाचं टोक आणि दोन मुठी तेवढ्या बाहेर. बँडेजच जणू. कुठं सुरकुती नाही. ताराची सासू तोंडभरून कौतुक करत होती, आणि तारा आईच्या खांद्याला डोकं टेकून बसली होती.

मला पाहून सिंधूताई उठू लागल्या. मी हातानं खाली बसवलं. त्या हळूच म्हणाल्या, "वहिनीबाई, आजवर सगळ्याईचं सामान मी पोचवलं. मलेच कोणी पोचवलं, हे पयल्यांदा झालं." आणि रडल्या. मीही रडले. बारशाच्या घरात दोघी रडतो म्हणून एक म्हातारी रागावली.

दुसऱ्या दिवशी आम्ही घाट चढलो, दोघंच. मी खूप वेळ बडबडत होते, भैयाजी हसत होते. चिखलदऱ्याला पोचल्यावर मी होल्डॉल सोडला. भैयाजींच्या पांघरुणाची वळकटी उलगडली, तर तिच्या पोटातून माझं निळं पातळ निघालं. त्याच्यात पोलकंही होतं.

म्हणजे त्या दिवशी 'ठेवून देते' म्हणाल्या, तेव्हा खरंच ठेवलं होतं. माझा हट्ट त्यांनी आधी कुठंतरी बसवला आणि स्वतःचं गाठोडं उरलेल्या दीड वितीच्या भरवशावर सोडलं. मला लाज वाटली, आणि त्या बाईवर जीव जडला तो तेव्हापासून.

ते पातळ मी बारशाला नेसायला हवं होतं. परतवाड्यात होल्डॉल उघडायचं सुचलं नाही, याची चुटपुट मला अजून आहे.