आवाजाचा पार

आमच्या सास्तूरच्या दूध डेअरीवर बसणारे एक गृहस्थ गावच्या मोबाईल ग्रुपचे अ‍ॅडमिन. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर नवं गाव वसलं, रस्ते रुंद झाले, पण बसायला पार उरला नाही. म्हणून त्यांनी ग्रुपचाच पार केला; तिथं फोटो नाहीत, फॉरवर्ड नाही. फक्त स्वतःचा आवाज. बोलण्याआधी ते लांबलचक ‘हां’ म्हणतात, जणू जागा झाडून घेतात.

संध्याकाळी पुण्यातल्या खोलीत मी डोळे मिटून ऐकतो. बैलांच्या घंटा वाजतात, कुणी खोकतं, कुणी हसतं.

माझी नोकरी गेली त्या संध्याकाळी मी ग्रुपवर बोलायचं बटण दाबलं, पण शब्द फुटेना. नुसता पंख्याचा आवाज गेला.

“रिकामंच हाय की. काढून टाका,” कुणीतरी म्हणालं.

“हां... राहू द्या. पारावर माणूस नुसतं बसायलाबी येतंय. बस लेकरा, बस.”