सिरसाळ्याचा शब्द

बीडच्या आमच्या क्लासमध्ये एकदा जगभर नावाजलेले एक वृद्ध भौतिकशास्त्रज्ञ शिकवायला आले. डस्टर शेजारी असूनही फळा बाहीनंच पुसत होते.

मी विचारलं, "सर, काळ मागं कावून जात न्हाई?"

'का' सोडून आमच्या सिरसाळा गावाकडचं 'कावून' तोंडून निघालं, तसा वर्ग हसला. पुन्हा तोंड उघडायचं नाही, असं ठरवून मी खाली बसले.

त्यांनी खडू ठेवला. "कावून हसायलात रे? मी बी सिरसाळ्याचाच हाय. हा एक शब्द घेऊन गाव सोडलं व्हतं. जन्मभर त्याच्यावरच काम केलं." मग माझ्याकडं वळले. "पोरी, उत्तर मला बी न्हाई गावलं. आता तू बघ."

आता मी फिजिक्स शिकवते. पहिल्या तासाला फळ्यावर 'कावून' लिहिते. कोणी हसलं, तर बाहीनं पुसते आणि आणखी मोठं लिहिते.