डाबरेसाहेबांचे सवडीचे कॉम्प्युटर

श्री. इनास डाबरे यांची आणि माझी ओळख एका गरम खोलीमुळे झाली. माझा एसी दुरुस्तीचा धंदा. इथे बहरीनमध्ये, झिंज भागातल्या त्यांच्या फ्लॅटमधून तक्रार आली, की मागची खोली थंडच होत नाही. दारातच मला घरघर ऐकू आली, आणि ती एसीची नव्हती. आत चार जुने कॉम्प्युटर चालू, समोर माणूस नाही.

"साहेब, एसी ठीक आहे. हे बंद करा."

"अहो शिंदे, ते कामावर आहेत," डाबरेसाहेब हसले. "शास्त्रज्ञांची औषधांची गणितं करतायत. आपल्याला नको तेव्हा त्यांना द्यायचे."

"आणि गरमी मी काढायची?"

त्यावर त्यांनी माझेच मत विचारले. मी म्हणालो, थंडीतच चालवा. तेव्हापासून, त्यांचे पाहून कॉम्प्युटर देणाऱ्या आमच्या इथल्या मराठी मंडळात नियम झाला: थंडीत कॉम्प्युटर विज्ञानाला, उन्हाळा लागला की बंद. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये उभी हयात घालवलेल्या माणसाने दहावी नापास मेकॅनिकचे ऐकले. मलाही त्यांनी सारे सोपे करून सांगितले: "लग्नघरी आळीतल्या बायका तांदूळ निवडायला बसतात ना? एकेकीपुढे एकेक सूप. तसंच हे, एका मोठ्या गणिताचे तुकडे घरोघरी."

मग मला चेव आला. माझा भाचा नीलेश एका कंपनीत अकाउंटंट. मीच त्याला म्हणालो, "शुक्रवार-शनिवार सुट्टीत ऑफिसची मशीनं झोपाच काढतात, लाव की." त्याने नऊ मशीनवर डाबरेसाहेबांचा तो गणितांचा प्रोग्रॅम लावला. रविवारी ऑफिस उघडल्यावर कंपनीला वाटले, बाहेरचे कोणी कॉम्प्युटरमध्ये घुसले. नीलेशची नोकरी जायची वेळ आली, आणि इथे नोकरी गेली की व्हिसा गेला.

मी भीतभीत डाबरेसाहेबांना फोन केला. ते रागावले नाहीत. रजा टाकून आमच्याबरोबर आले आणि बहरिनी मॅनेजरना म्हणाले, "द्यायला मी शिकवलं. मालकाला विचारून द्यायचं, हे शिकवायचं राहिलं. चूक माझी." मग एकेक मशीन स्वतः साफ केले, आणि त्यावर कसली गणिते चालली होती तेही दाखवले.

मॅनेजर नीलेशला म्हणाले, "खलास, विषय संपला. पुन्हा नाही." मग डाबरेसाहेबांकडे वळून हळूच विचारले, "सनद भागात माझ्या घरी एक कॉम्प्युटर पडून आहे. मालक मीच. चालेल?"

नीलेश आजही तिथेच आहे. व्हिसा नुकताच रिन्यू झाला. डाबरेसाहेब साठीचे झाले, त्यांची प्रकृती ठणठणीत राहो. आमच्या हातून अजून पुष्कळ चुका व्हायच्या आहेत, त्या निस्तरायला ते आम्हाला शंभरीपर्यंत लाभोत.