दोन्ही हात गुंतलेला सैनिक

आधी माफी मागतो. माणसांबद्दल लिहावं ते अनुभवी लोकांनी, ज्यांनी आयुष्यात पुष्कळ माणसं नीट पाहिली आहेत त्यांनी. मी अजून शिकतोच आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वडिलांनी टेम्पो चालवून मला थेट कॅनडात पाठवलं, त्यामुळे गावाकडच्यांना वाटतं की मला सगळंच लिहिता येत असेल. माझी खात्री नाही. पण एका माणसाबद्दल जे बोललं गेलं ते चुकीचं होतं, आणि ते खोडायला दुसरं कुणी पुढे येईना, म्हणून हे धाडस.

त्यांची बोटं कधी स्वस्थ नसायची.

स्कारबरोत त्यांच्या मुलाच्या घराचं बेसमेंट मी भाड्याने घेतलं होतं. सकाळी वर डायनिंग टेबलावर टकटक सुरू झाली की मी समजायचो, काका उठले. टेबल, बसमधला दांडा, वॉशिंग मशीनचं झाकण, नातीची पाठ, काहीही चालायचं. मान ताठ, मनगट सैल, आणि दोन्ही हातांची बोटं आपल्या कामाला लागलेली. "मनगट सैल ठेव" हे त्यांचं सगळ्या दुखण्यांवरचं औषध होतं. माझी परीक्षा असो, नोकरीचा इंटरव्ह्यू असो की दारातलं बर्फ फावड्याने उपसणं असो.

"काय कॉलेज, लई आवळून धरलंयस. मनगट सैल ठेव."

मला ते "कॉलेज"च म्हणायचे. माझं नाव त्यांना माहीत होतं, पण ते त्यांनी बहुतेक कागदोपत्री कामासाठी राखून ठेवलं असावं.

काका माण भागातल्या एका खेड्यातले. मिसरूड फुटताना फौजेत भरती झाले आणि पलटणीच्या बँडमध्ये ड्रमवर लागले. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तुम्हाला आठवेल तेच मलाही आठवलं, वरातीतला बँड. काका हसले.

"शांततेत आमचा ढोल, लढाईत आमचं स्ट्रेचर. लढाई लागली की वाद्यं पेटीत घालायची आन् जखमींना आणायला जायचं. बँडवाल्यांचं कामच हाय ते."

"आणि बंदूक?"

"दोन हातांत दोन दांड्या. बंदूक धरायला तिसरा हात कुठनं आणू?"

ड्रमवाल्यावर सगळ्या पलटणीचे पाय अवलंबून असतात, असं ते अभिमानानं सांगायचे. ठोका चुकला की सगळ्यांचा कदम चुकतो. एकदा मी त्यांना सबवेने डाउनटाउनला नेलं. प्लॅटफॉर्मवर ऑफिसची गर्दी बघून ते हळहळलेच. "एकाचा पाय दुसऱ्याशी जुळत न्हाय. मला एक ढोल द्या, स्टेशन सरळ करून देतो."

मग फ्रीझिंग रेनचा तो दिवस. शेजारच्या तमिळ आंटी कचऱ्याचा डबा ओढताना ड्राइव्हवेवर घसरल्या आणि त्यांचा पाय विचित्र वळला. काकांच्या मुलाने ॲम्ब्युलन्सला फोन केला, पण रस्ते काचेसारखे झालेले, वेळ लागणार होता. वरून बर्फाळ पाऊस पडत होता. काका स्वेटरवरच बाहेर आले. मानेला, पाठीला काही झालं नाही ना हे त्यांनी खुणांनी विचारून घेतलं, दोन जाड मासिकं आणि माझा मफलर घेऊन आंटींचा पाय बांधला आणि मला म्हणाले, "कॉलेज, खालचं टेबल आण." वाढदिवसाला काढतात ते फोल्डिंग टेबल. त्यावर आंटींना निजवलं. चार कोपऱ्यांना चौघं, काका, त्यांचा मुलगा, आंटींचे मिस्टर आणि मी.

चालायला लागलो आणि टेबल झोपाळ्यासारखं हलायला लागलं. आंटी किंचाळल्या.

"कदम तोडा!" काका ओरडले. तो आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "एका कदमात चालू नका! कॉलेज, तू डावा टाक, मागच्यानं उजवा. तोडा कदम!"

आम्ही अडखळत, प्रत्येक जण आपापल्या पायाने चाललो. आणि टेबल स्थिर झालं. त्यांच्या दारात पोचल्यावर आंटींनी तशा वेदनेतही विचारलं, "अंकल, आर्मी डॉक्टर?"

"नो, नो," काका म्हणाले. "बँड."

आंटींना हसू आलं आणि हसल्यामुळे पाय दुखला.

हे सगळं त्यांची नात रेवा दारातून बघत होती. वय नऊ, मराठी समजते पूर्ण, उत्तर मात्र इंग्रजीत. तिला काकांनी सांगितलं की सगळे एका कदमात चालले की स्ट्रेचर डोलतं, आणि वरच्या माणसाचं हाड हलतं. "जन्मभर लोकांचा कदम जुळवला, रेवाबाई. पण माणूस न्यायचा असला की तोडावा लागतो." पुढे आठवडाभर रेवा घरभर वाकडीतिकडी चालत होती.

त्या संध्याकाळी खाली कपडे वाळवताना मी त्यांना विचारलं, ही बोटं कधीपासून अशी वाजतात? ड्रायरमधले कपडे काढता काढता त्यांनी सांगितलं. लढाईत डोंगरावरच्या चौकीवरून एका जखमी पोराला उतरवताना उचलणारे बदलत होते, स्ट्रेचर खडकाआड टेकवलं होतं, आणि पोराचे डोळे मिटायला लागले होते. काकांनी स्ट्रेचरच्या दांडीवर बोटांनी वाजवायला सुरुवात केली. पोरगा डोळे न उघडता म्हणाला, "उस्ताद, ठेका चुकला." काका म्हणाले, "मग तू मोज." तेव्हापासून खाली पोचेपर्यंत टेकवलं की वाजवायचं, उचललं की तोंडाने ठेका धरायचा, आणि तो मोजायचा.

"वाचला?"

"वाचला की! अजून फोन करून शिव्या देतो. पाय गेला एक, तोंड शाबूत हाय."

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो.

जानेवारीत आमच्या भागातल्या एका मराठी मंडळाने प्रजासत्ताक दिनाचा कार्यक्रम ठरवला. मंडळाचं नाव सांगत नाही, त्याने काही फरक पडत नाही, तुमच्याही ओळखीचं असं एखादं असेलच. "निवृत्त जवान" म्हणून काकांना प्रमुख पाहुणे केलं. काकांनी कोट इस्त्री केला, पदकं लावली. रेवाने शाळेतल्या सगळ्या मैत्रिणींना सांगून ठेवलं होतं की माय ग्रँडपा इज अ सोल्जर, ही इज द चीफ गेस्ट. मी खुर्च्या मांडायला स्वयंसेवक होतो.

कार्यक्रमाआधी चिटणीस माइक हातात घेऊन काकांजवळ आले. ओळख करून द्यायला माहिती हवी होती. आजूबाजूला भाड्याच्या कॅमोफ्लाज कपड्यांतली मुलं प्लास्टिकच्या बंदुका एकमेकांवर रोखत होती. रेवा आजोबांचा हात धरून उभी.

"काका, एक जोरदार किस्सा सांगा. तुमच्या हातून किती मेले?"

"मेले न्हाईत. आणले."

"म्हणजे?"

काकांनी सांगितलं. बँड, स्ट्रेचर, सगळं. चिटणिसांचा चेहरा उतरत गेला. मग ते मागे वळून समितीला म्हणाले, "अरे, हे बँडवाले निघाले!" दोघं-तिघं हसले. वाईट हेतूने नसेल. पण हसले.

"मग असं करू, काका. मुलांच्या परेडला तुम्हीच वाजवा ना! पथकाचा ताशा आहेच. मस्त वाटेल. खुर्चीवर आपण आपल्या अध्यक्ष सरांना बसवू, ते कॉलेजात एनसीसीत होते."

मी खुर्ची खाली ठेवून पुढे गेलो. मी म्हणालो, "साहेब, हे गोळीबारात शिरलेत. बंदूक नसताना."

"तू व्हॉलंटियर ना? मागच्या दोन रांगा राहिल्यात."

रेवाने वर बघितलं. "आजोबा, सो यू वर नॉट अ रिअल सोल्जर?"

काकांनी ताशा गळ्यात घेतला आणि वाजवला. आणि खरं सांगतो, ती धांगडधिंगा घालणारी मुलं एका ओळीत आली, सगळ्यांचे पाय जुळले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सर खुर्चीवर बसून सलामी घेत होते. काकांच्या कोटावरची पदकं ताशाच्या पट्ट्याखाली दबली होती.

मला राग नेमका कशाचा येतो ते सांगायचा प्रयत्न करतो. फौज म्हणजे बंदूक, असं आपण ठरवून टाकलं आहे. त्या बंदूकवाल्यापर्यंत भाकरी कोण पोचवतं, तारा कोण जोडतं, पूल कोण बांधतं, तो पडला तर उचलतं कोण, हे विचारायचं आपल्याला सुचतच नाही. घरात हीटर लावून आपल्याला मेलेले शत्रू मोजायचे असतात. ज्याने दोन्ही हात दुसऱ्याच्या जिवात गुंतवून उघड्या उतारावरून चालणं पत्करलं, त्याची आपल्याला अडचण होते, कारण त्याच्या गोष्टीवर घोषणा देता येत नाही. आणि "बँडवाले" हा शब्द आपण कोणत्या सुरात म्हणतो, तेही तुम्हाला माहीत आहे. बँडवाले कोणत्या वस्तीतून येतात हे त्या सुरातच असतं. माझे सख्खे चुलते लग्नांत क्लॅरिनेट वाजवतात. तो सूर मी ओळखतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर टकटक झाली नाही. त्यानंतर झालीच नाही. मी वर गेलो की काका खिडकीशी बसलेले असायचे, हात मांडीवर, उपडे. "जेवलास का, कॉलेज?" एवढं विचारायचे. रेवा त्यांच्याशी नीट वागायची, पण पाहुण्यांशी वागतात तसं.

एकदा ती धुण्याचे कपडे घेऊन खाली आली आणि मलाच विचारलं, "वॉज ही रिअल?"

मी मला येईल तसं सांगितलं. दोन दांड्या, दोन हात. तिने कपडे मशीनवर ठेवले.

"देन हू हॅड द गन?"

"दुसऱ्या कुणाकडे. असली तर."

"सो नोबडी वॉज कव्हरिंग हिम?"

"कधीकधी कुणीच नाही."

ती वर गेली. कपडे तसेच विसरून.

उन्हाळ्याआधी काका गावी परत गेले. विमानतळावर माझा हात धरून म्हणाले, "इथनं पुढं जे करशील ते मनगट सैल ठेवून कर." त्यांची बोटं माझ्या हातावर नुसती टेकलेली होती, वाजली नाहीत. मला किचनर नावाच्या दुसऱ्या शहरात नोकरी मिळाली, मी बेसमेंट सोडलं. मंडळाचा ग्रुपही सोडला. तेवढा एकच निषेध मला जमला.

परवा त्यांच्या मुलाचा फोन आला. सुट्टीत तो आणि रेवा गावी गेले होते. ते तिथे असतानाच काका गेले. दुपारचे झोपले ते उठलेच नाहीत. गावातले माजी सैनिक जमले. खांदा आम्हीच देणार म्हणाले, कुणालाही पुढे येऊ देईनात. तिरडी उचलली आणि जन्माच्या सवयीने सगळे एका कदमात चालू लागले, शिस्तीत, डावा-उजवा. तिरडी डोलायला लागली.

"आणि रेवा," तो म्हणाला, "इतक्या माणसांत पळत पुढे गेली रे. वाटेत हात आडवे करून उभी राहिली. मराठीत ओरडली. कदम तोडा, आजोबांना दुखतंय."

म्हातारे थांबले. एकाने दुसऱ्याकडे पाहिलं. मग त्यांनी कदम तोडला आणि तिरडी हलायची थांबली.