मोरीची खालची बाजू

इकुयोमावशींचे यजमान त्सुनेओसान गेले त्याला दीड वर्ष झालं होतं, आणि आमच्या बंदरात जो तो मावशींना एकच विचारायचा, होडी कधी मोडीत काढताय?

नादामोतो इकुयो तेव्हा सहासष्ट वर्षांच्या. नवराबायकोने एकतीस वर्षं एकाच होडीवर मासेमारी केली. ते सुकाणूवर, या गळाच्या दोऱ्यांवर. पूर्वी आमच्या बेटावर अशा जोडप्यांच्या नऊ होड्या होत्या, शेवटी ही एकच उरली. आणि तेही गेल्यावर मावशी एकट्याच पहाटे निघायच्या आणि दहाच्या सुमाराला वाकट्या घेऊन परतायच्या. मी मच्छीमार सोसायटीच्या खिडकीत बर्फ आणि डिझेल देते, त्यामुळे त्यांचं येणं-जाणं माझ्या डोळ्यांसमोर.

ऑक्टोबरात एका सकाळी त्यांनी खिडकीतून चहाचा पेला आत सरकवला.

"फुमी, जरा चव घे."

"कसलं आहे?"

"होडीच्या पोटातलं पाणी."

"ई, मावशी!"

"मी घेतलीय. पण माझी जीभ लोणच्यांनी मेलीय. दुसरी जीभ हवी."

मी बोटाचं टोक बुडवून जिभेला लावलं. डिझेलचा वास होता, पण मीठ नव्हतं.

"गोडं आहे."

"म्हणजे पावसाचं. वरून येतंय, तळ शाबूत आहे," त्या म्हणाल्या आणि उरलेलं पाणी तिथंच धक्क्यावर ओतून चालू लागल्या.

ती फायबरची होडी चाळीस वर्षांची. डेकवर चार मोऱ्या. पावसाचं आणि लाटांचं पाणी त्यांतून डेकखालच्या नळ्यांत उतरतं आणि बाजूने समुद्रात पडतं. मावशींनी घरून उमे या आंबट फळाच्या लोणच्याचं लालभडक पाणी आणलं आणि एकेका मोरीत ओतलं. दर वेळी हातात टॉर्च घेऊन खाली शिरून बघायच्या. तीन मोऱ्या चांगल्या निघाल्या. चौथी, मागची डावीकडची. तिच्या नळीच्या बाहेरून लाल थेंब ओघळत होते.

मोरीची पितळी चकती डेकवर चार बोल्टांनी बसवलेली असते. बोल्टांची टोकं खाली येतात आणि तिथे नट लागतात. फळीमागची ती जागा इतकी अडचणीची की उगाच तिथे कोणी डोकावत नाही. मावशींनी टॉर्च वर धरला. चार टोकं दिसली. एकावर नट होता, तोही अर्धवट फिरवलेला. बाकी तिन्ही उघडी.

हे त्यांनी मला नंतर सांगितलं, तेही तुकड्यातुकड्यांनी.

हे काम दोघांचं. एकाने वर बसून बोल्टाचं डोकं पेचकसाने धरायचं आणि दुसऱ्याने खाली आडवं पडून नट आवळायचा, नाहीतर बोल्ट नुसताच गरगर फिरत राहतो. त्यांच्या घरात खालची बाजू कायम मावशींची, कारण अंग लहान. त्सुनेओसान वर काय करतात ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. फक्त ठोकण्याचे आवाज आणि "हं, आवळ" एवढं ऐकू यायचं.

मग ही मोरी कधी बसवली गेली? त्यांना आठवलं. त्सुनेओसान गेले त्याच्या आदल्या वर्षीच्या वसंतात दोघांत अबोला होता. त्सुनेओसानना जेवण जात नव्हतं, पट्टा दोन भोकं आत आला होता. या म्हणत होत्या, मोठ्या इस्पितळात चला. ते म्हणत होते, मासळीचा हंगाम संपला की जाऊ. एका संध्याकाळी या बोलून गेल्या, "मरा मग त्या होडीवरच." त्यानंतर आठ दिवस घरात कोणी कोणाशी बोललं नाही. त्या आठ दिवसांत एका दुपारी बंदरातून ठोकण्याचा आवाज चढावरच्या घरापर्यंत येत होता. मावशी मुळे चिरत बसल्या होत्या. आवाज ओळखीचा होता, पण त्या उठल्या नाहीत.

एकट्याने वरखाली करून त्सुनेओसाननी एक नट कसाबसा लावला असणार. मग दमले असणार. चकतीभोवती वरूनच चिकट रबर जाडसर फासून मोकळे झाले. ऑगस्टात ते इस्पितळात गेले आणि मार्चमध्ये वारले. मोरीबद्दल शेवटपर्यंत चकार शब्द काढला नाही.

"हाक मारली असती तर आले नसते का गं मी?" मावशींनी मला विचारलं. आणि लगेच त्याच म्हणाल्या, "नसतेच आले बहुतेक."

नोव्हेंबरात कोरडा पश्चिमेचा वारा लागला तेव्हा त्यांनी होडी उतारावर ओढून घेतली. होडी ओढायच्या रहाटाला शेजारचा किचिजि होता.

"वहिनी, ही म्हातारी होडी आता पुरे करा. अंगणात ठेवा, माती भरा, मुळे लावा."

"मुळे तुझ्या टकलावर लावते. ऊन छान लागतं तिथं."

मग चकती उचकटून त्यांनी आत बोट घातलं. डेक म्हणजे फायबरच्या दोन थरांमध्ये प्लायवुड. अडीच वर्षं पाणी मुरून ते प्लायवुड चहाच्या चोथ्यासारखं झालं होतं, बोटाने निघत होतं. हातोडीच्या दांड्याने त्यांनी आजूबाजूला ठोकून पाहिलं. जिथे आवाज बद्द येत होता तिथवर खडूने रेघ मारली. रेघ ताटाएवढी झाली.

तेवढा वरचा थर त्यांनी ग्राइंडरने कापून काढला. आयुष्यात पहिल्यांदा. कुजलेलं सगळं खरवडलं. चार दिवस त्या खड्ड्यात टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली ठेवून तो वाळवला, दर दोन तासांनी पाणी बदलून. मग राळ कालवली. पहिला घाणा थंडीत घट्टच होईना, तो टाकावा लागला. दुसऱ्यात कडक करायचं औषध जास्त पडलं आणि हातातच धूर निघाला. तिसरा जमला. काचेच्या कापडाचे थर एकावर एक बसवून त्यांनी खड्डा भरला. दुपारी तोंडावरचा मास्क हनुवटीवर ओढून तिथंच बसून भाताचा गोळा खायच्या. मी दोनदा म्हटलं, मावशी, जेवायच्या सुट्टीत येते मदतीला. "बर्फ वितळेल तुझा," म्हणाल्या.

शेवटी नवी भोकं पाडून बोल्ट बसवायची वेळ आली. त्यांनी वर बोल्टाचं डोकं पकडीत धरून, पकडीला बांबूचा अडसर लावला. खाली जाऊन नट फिरवला की वरची पकड सुटायची. पुन्हा वर, पुन्हा खाली. अशा दीड दिवसात तीन नट लागले. चौथ्याला कठडा आडवा येत होता, बांबू बसेचना.

दुपारी त्या खिडकीशी आल्या. कोपराला खरचटलेलं, केसांत फायबरचा चुरा.

"फुमी, दहा मिनिटं आहेत का?"

खिडकीवर पाटी लावून मी गेले. मला वाटलं मला खाली पाठवतील, मी त्यांच्याहून बारीक. पण त्यांनी पेचकस माझ्या हातात दिला.

"तू वर बस. खालचं मला ठाऊक आहे."

त्या डेकचं झाकण उघडून आत शिरल्या. मी डेकवर गुडघे टेकले आणि बोल्टाच्या खाचेत पेचकस दाबून धरला. खालून पान्याचा आवाज येऊ लागला, मग त्यांचा, फायबरमधून आल्यामुळे घुमणारा.

"धर... सोड... धर."

पेचकस खाचेतून निसटला.

"अहो, फिरू देऊ नका ना," खालून आवाज आला.

मग पाना थांबला. मी पेचकस पुन्हा खाचेत घातला आणि दोन्ही हातांनी दाबून धरला. पाना पुन्हा फिरू लागला आणि माझ्या तळव्याला कळलं की बोल्ट घट्ट बसला.

बाहेर आल्या तेव्हा त्यांचं तोंड काळं झालं होतं आणि त्यावर डोळ्यांपासून दोन पट्टे उतरले होते. "राळ झोंबते," म्हणाल्या. मी मान हलवली.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दोन दिवस धो धो पाऊस झाला. होडी पुन्हा पाण्यात होती. पाऊस ओसरल्यावर मी छत्री घेऊन धक्क्यावर गेले, तर त्या आधीच झाकण उघडून तळाशी हात फिरवत होत्या. माझाही हात धरून आत घातला. तळ कोरडा ठणठणीत होता.

"उद्या वारा पडला तर जाईन," त्या म्हणाल्या.

"एकट्याच? रविवारी मला सुट्टी असते, मी येऊ का?"

"तिच्यात दोघांना जागा कुठे आहे?"

त्याच होडीवर एकतीस वर्षं दोघं होती. बर्फाचा ट्रक आला म्हणून परत निघाले. वळून पाहिलं तर त्या डेकवर उकिडव्या बसून बादलीने मागच्या डाव्या मोरीत पाणी ओतत होत्या आणि ते बाहेर पडताना बघत होत्या.